कोणाच्या हाताने मोजायचे?

श्रावस्तीच्या जेतवनात नंद नावाचा एक भिक्षू होता. बुद्धांच्या मावशीचा, म्हणजे महाप्रजापती गौतमीचा हा मुलगा. विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, या प्रसंगात त्याच्याविषयी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: तो दिसायला देखणा होता, आणि उंचीने भगवंतांपेक्षा चार अंगुळे कमी होता. हा नंद सुगताच्या, म्हणजे बुद्धांच्या, चीवराच्या (भिक्षूच्या वस्त्राच्या) मापाचेच चीवर अंगावर घ्यायचा. लांबून तो येताना दिसला की थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्षूंना वाटे, भगवंतच आले. ते आसनावरून उठून उभे राहत. जवळ आल्यावर ओळख पटे आणि कुरकुर सुरू होई. गोष्ट बुद्धांच्या कानांवर गेली आणि नियम झाला की सुगतचीवराच्या मापाचे किंवा त्याहून मोठे चीवर कोणी करवून घेऊ नये. माप असे: सुगताच्या वितीने लांबी नऊ विती, रुंदी सहा विती.

ही गोष्ट वाचताना मन नंदाच्या देखणेपणावर रेंगाळते आणि चार अंगुळांवरून पुढे सरकते. तिथेच थांबायला हवे. त्या चार अंगुळांच्या वजाबाकीतून धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो, आणि तो फक्त बौद्धांचा नाही. ज्या ज्या परंपरेने पवित्र वस्तूंना मापे ठरवून दिली, त्या प्रत्येकीला तो कधी ना कधी सोडवावा लागला.

आधी हिशेब. भारतीय परंपरेत बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात माणसाची उंची चार हात, म्हणजे ९६ अंगुळे धरली आहे. चार हात उंचीच्या माणसापेक्षा चार अंगुळे कमी असलेला माणूस किती उंच? चार हातांमधून चार अंगुळे थेट जात नाहीत, कारण एकीकडे नुसते हात आहेत आणि दुसरीकडे नुसती अंगुळे. एक हात मोडावा लागतो. त्याची २४ अंगुळे होतात, त्यांतली चार गेली की वीस उरतात, आणि उत्तर येते तीन हात वीस अंगुळे.

सुताराच्या दुकानात हे आजही दिवसभर चालते. सात फूट तीन इंच दोन सूत लांबीच्या फळीतून चार फूट आठ इंच पाच सूत कापायचे. दोन सुतांतून पाच जात नाहीत, म्हणून एक इंच मोडून आठ सूत घ्यायचे. उरलेल्या दोन इंचांतून आठ जात नाहीत, म्हणून एक फूट मोडून बारा इंच घ्यायचे. दोन फूट सहा इंच पाच सूत उरतात. कागदावर, म्हणजे. प्रत्यक्षात करवतीच्या पात्याची जाडी भुसा होऊन खाली पडलेली असते, आणि अनुभवी सुतार ती आधीच हिशेबात धरतो.

या साध्या कृतीत तीन गृहीते दडलेली आहेत. हात खरोखर २४ अंगुळांचाच बनलेला आहे, हे एक. मोडताना काही सांडत नाही, हे दुसरे. आणि तिसरे, सर्वांत नाजूक: मोडलेला हात आणि वजा केलेली अंगुळे एकाच देहाची आहेत. शाळेतल्या पाटीवर ही तिन्ही आपोआप खरी असतात, कारण तिथे हात कोणाचाच नसतो. धर्मग्रंथात मात्र हात कोणाचा तरी असतो.

विनयपिटक सांगते, ‘सुगताच्या वितीने’. आता ही वीत किती लांब? इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाने विनयावरची ‘समन्तपासादिका’ ही अट्ठकथा, म्हणजे टीका, सिद्ध केली. तिच्यात उत्तर आहे: सुगताची एक वीत म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या तीन विती, सुताराच्या हाताने दीड हात. असे असेल तर नऊ वितींचे चीवर साध्या माणसाच्या २७ वितींचे, म्हणजे साडेतेरा हातांचे होते. ते अंगावर घेणारा माणूस चार हातांचा नसून बारा हातांचा असायला हवा. आणि नंद? बारा हात वजा चार अंगुळे, अकरा हात वीस अंगुळे. म्हणजे चार-चार हातांच्या भिक्षूंच्या मेळाव्यात दोन प्रचंड पुरुष वावरत होते, आणि ग्रंथाला त्यांच्याविषयी सांगावेसे वाटले ते एवढेच की एक दुसऱ्यापेक्षा चार बोटांनी कमी होता!

हे पटत नाही, आणि न पटण्याला त्रिपिटकातच आधार आहे. सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रू राजा भिक्षुसंघासमोर येतो आणि यांत भगवंत कोणते असे सोबत आलेल्या जीवकाला विचारतो. राजगृहातल्या कुंभाराच्या शाळेत पुक्कुसाति हा प्रव्रजित अख्खी रात्र बुद्धांच्या सोबतीने काढतो, आणि उपदेश ऐकेपर्यंत आपल्या शेजारी कोण बसले आहे हे त्याला कळत नाही. महाकाश्यपाशी बुद्धांनी चीवरांची अदलाबदल केली. बुद्धांचे ते जुने, झिजलेले वस्त्र महाकाश्यप अभिमानाने वापरत होता. बारा हातांच्या पुरुषाबाबत यांतले काहीच घडणार नाही. म्हणून अलीकडचे विनयाचे अभ्यासक सुगताची वीत साधारण २५ सेंटिमीटर धरतात. म्हणजे सामान्य माणसाच्या वितीपेक्षा थोडी मोठी, इतकेच.

तिप्पट वीत कुठून आली असावी, हे समजण्यासारखे आहे. ज्याच्यावर जीव जडतो तो उंच दिसू लागतो. ही श्रद्धा खोटी नव्हती, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण तिचा परिणाम पाहायला हवा. हीच वीत कुटीच्या नियमातही आहे. आळवी इथले भिक्षू स्वतःसाठी कुट्या बांधत होते आणि लोकांकडे माणसे, बैल, गाड्या, वासे, माती यांची सारखी मागणी करत होते. लोक इतके कंटाळले की भिक्षू दिसला की वाट बदलत. लांबून गाय दिसली तरी भिक्षू समजून पळ काढत. म्हणून नियम झाला: दाता नसलेली, स्वतःसाठी बांधायची कुटी आतून बारा विती लांब आणि सात विती रुंद, सुगताच्या वितीने. साध्या वितीच्या जवळपास हे माप धरले तर सहा हात लांब आणि साडेतीन हात रुंद खोली होते. एक माणूस झोपेल, बसेल, ध्यान करेल. अट्ठकथेच्या वितीने तीच कुटी अठरा हात लांब आणि साडेदहा हात रुंद होते. लांबी तिप्पट, रुंदी तिप्पट, क्षेत्र नऊपट. आळवीच्या लोकांना ज्यातून सोडवण्यासाठी नियम झाला, तीच मागणी आता नियमात बसते.

बुद्धांचा देह मोठा केला आणि बुद्धांचा नियम सैल झाला. गुरूला वाढवले की गुरूने घातलेली मर्यादाही वाढते, कारण ती त्याच्याच हाताने मोजलेली असते. ज्याने मर्यादा घातली त्याचा हात माणसाचाच राहू देणे, हीच इथे जास्त खरी भक्ती ठरते.

नंदाच्या नियमातला शेवटचा भाग अजून राहिला. ज्या चीवराने माप ओलांडले ते आधी कापायचे आणि मग दोष कबूल करायचा. अशा दोषांना विनयात छेदनक म्हणतात. पलंगाच्या पायांचाही नियम याच जातीचा आहे. उपनंद शाक्य उंच पलंगावर झोपत असे, आणि बुद्ध विहारातून फिरत आले तेव्हा त्याने तो कौतुकाने दाखवला. नियम झाला की खाटेच्या चौकटीखाली पाय सुगताच्या अंगुळांनी आठ अंगुळेच असावेत. जास्त असतील ते कापावेत. बसण्याचे आसन, खरजेवर बांधायचे वस्त्र, पावसाळ्यातले स्नानवस्त्र, सगळ्यांना मापे आहेत आणि सगळीकडे हाच उपाय आहे.

यात जे आहे ते असाधारण आहे. एरवी प्रायश्चित्त माणसाने घ्यायचे असते आणि वस्तू जशीच्या तशी राहते. इथे वस्तू आधी नियमात यावी लागते. अकरा अंगुळांचा पाय आठ अंगुळांचा झाल्याशिवाय ‘चुकले’ म्हणण्याला अर्थच नाही. वजाबाकी मनात करून चालत नाही. ती करवतीने करावी लागते आणि तीन अंगुळांचे लाकूड खरोखर जमिनीवर पडावे लागते.

मापाच्या या कडकपणाला एक अपवादही विनयात आहे, आणि तो फार माणुसकीचा आहे. आसनाचे माप दोन विती लांब, दीड वीत रुंद असे ठरले. उदायी नावाचा भिक्षू अंगाने थोराड होता. तो बुद्धांसमोर आसन अंथरून बसला आणि ते चारी बाजूंनी ताणू लागला. कातडी कमावणारा कातडे ताणतो तसे का ताणतोस, असे बुद्धांनी विचारले. त्याने कारण सांगितले: भगवंतांनी भिक्षूंसाठी ठरवलेले आसन फार लहान आहे. तेव्हा आसनाला एक वीत काठ जोडायची मुभा मिळाली. विती सुगताच्याच राहिल्या, पण उदायीचे अंगही हिशेबात आले.

आता थोडे पश्चिमेकडे. यरुशलेमच्या मंदिरात लांबी मोजायला आम्मा म्हणजे हात वापरत. एका आम्म्यात सहा मुठी, एका मुठीत चार बोटे, म्हणजे एकूण २४ बोटे. आपल्या हाताइतकीच. माणसाचे शरीर सगळीकडे एकाच घडणीचे, त्यामुळे दूरदूरच्या लोकांनी एकच आकडा शोधला यात नवल नाही. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या केलीम या प्रकरणात सांगितले आहे की मंदिराच्या पूर्वेकडच्या, शूशन नगरीच्या नावाच्या जागी दोन मापकाठ्या होत्या, एक ईशान्य कोपऱ्यात आणि एक आग्नेय कोपऱ्यात. ईशान्येची काठी मोशेच्या आम्म्यापेक्षा अर्धे बोट मोठी होती. आग्नेयेची तिच्याहून आणखी अर्धे बोट मोठी, म्हणजे मोशेच्या मापापेक्षा पूर्ण एक बोट.

दोन का? मिश्ना कारणही देते. कारागिरांनी लहान काठीने घ्यावे आणि मोठ्या काठीने परत द्यावे, म्हणजे मंदिराच्या मालमत्तेचा चुकूनही अपहार होणार नाही.

हिशेब करून पाहिला म्हणजे या कल्पनेची खोली कळते. कारागिराने शंभर आम्म्यांचे काम अंगावर घेतले. लहान काठीने ते साडेचोवीस बोटांच्या शंभर पट, म्हणजे २,४५० बोटे. परत करताना मोठ्या काठीने पंचवीस बोटांच्या शंभर पट, म्हणजे २,५०० बोटे. फरक ५० बोटांचा, म्हणजे दोन आम्मा आणि दोन बोटे. एवढे कारागिराने स्वतःच्या पदरचे घातले. मोजताना चूक होणारच, हे या व्यवस्थेने उघडपणे मान्य केले आहे. दोर ताणला जातो, काठी घसरते, डोळा चुकतो. प्रश्न एवढाच की चूक कोणाच्या बाजूला झुकावी. जे आपले नाही त्याच्या बाजूला झुकावी, असे उत्तर देऊन ते लाकडात कोरून ठेवले.

पुढे तालमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या, एरुवीन या भागात वेगवेगळ्या विधींसाठी आम्मा पाच मुठींचा की सहा मुठींचा, असा वाद आला. रावा या आचार्याने मार्ग काढला: आम्मा सगळीकडे सहा मुठींचाच, पण काही मुठी हसऱ्या आणि काही उदास. बोटे जराशी सैल ठेवून धरलेली मूठ हसरी. घट्ट आवळलेली उदास. जिथे माप मोठे धरल्याने नियम कडक होतो तिथे हसरी, जिथे लहान धरल्याने कडक होतो तिथे उदास. काटेकोर गणिती याने वैतागेल. पण ज्याने कधी हाताने कापड मोजले आहे त्याला माहीत असते की मूठ खरोखरच कधी सैल असते आणि कधी आवळलेली, आणि तो फरक मोजणाऱ्याच्या मनातून येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न शेताच्या बांधावर उभा राहिला. शिवाजी महाराजांच्या जमीनमोजणीची माहिती सभासद बखरीत आहे. काठी पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. सगळी काठी ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पाच हातांचे ७० तसू ८२ मधून वजा केले तर पाच मुठींना बारा तसू उरतात, म्हणजे एका मुठीला दोन तसू आणि वर दोन पंचमांश. मूठ तसूंमध्ये सरळ बसत नाही. देहाची मापे आणि हिशेबाची मापे यांत ही फट राहतेच. म्हणूनच हात-मूठ सांगून बखर थांबत नाही, ८२ हा आकडाही देते. मोजणीदाराचा हात आखूड की लांब, याला मग महत्त्व उरत नाही.

आकडा नसता तर काय झाले असते? समजा कोणी काठी ८२ ऐवजी ८१ तसूंची धरली. लांबीला एकच तसू कमी. पण बिघा काठीच्या वर्गावर मोजायचा, त्यामुळे जी जमीन एक चावर, म्हणजे १२० बिघे भरायची, ती आता १२३ बिघ्यांच्या जवळ जाते. जमीन तेवढीच, माती तेवढीच, पीकही तेवढेच. कागदावर मात्र जवळजवळ तीन बिघे नवे उगवले आणि त्यांचा सारा कुणब्याने भरायचा. काठीतून वजा झालेला तसू रयतेच्या कणगीतून वजा होतो. मापाचा प्रश्न न्यायाचा प्रश्न का असतो, हे इथे दिसते.

कौटिल्याला हे नीट माहीत होते. ‘अर्थशास्त्रा’त मापांचा अधिकारी आहे आणि हातही एकाच प्रकारचा नाही. २४ अंगुळांचा प्राजापत्य हात, सुताराचा ४२ अंगुळांचा किष्कू, वनांसाठी ५४ अंगुळांचा हात. अग्निचितीसाठी, म्हणजे यज्ञाच्या विटांच्या वेदीसाठी, पुरुषाचे माप तो १०८ अंगुळे देतो, तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे वेदी आखण्याच्या नियमग्रंथात, तोच पुरुष १२० अंगुळांचा आहे. दोघांत बारा अंगुळांचा, एका वितीचा फरक. एकाने सांगितलेल्या पुरुषातून दुसऱ्याची अंगुळे वजा करणाऱ्याच्या हाती काय लागणार? वैद्यकातही तीच गत. देहाची उंची चरकाने ८४ अंगुळे सांगितली, सुश्रुताने १२०, आणि ही अंगुळे ज्याची त्याने स्वतःच्या बोटाने मोजायची. रोग्याचे शरीर बेताचे आहे की नाही हे पाहण्यासाठी ही रीत योग्यच आहे. पण त्या मापाने दोन माणसांची उंची एकमेकांतून वजा करता येत नाही. प्रत्येकजण आपल्या बोटाने पूर्णच भरतो.

मग अशी एखादी तळाची पायरी आहे का, जिथे कोणाचे बोट हा प्रश्नच उरत नाही? ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात अर्जुन नावाचा गणकमहामात्र तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेतो, तेव्हा सिद्धार्थ परमाणुरजापासून योजनापर्यंतची मापे सांगतो. सात परमाणुरजांचा अणू, सात अणूंची त्रुटी, पुढे झरोक्यातला कण, सशाच्या अंगावरचा, मेंढ्याच्या अंगावरचा, गाईच्या अंगावरचा धूलिकण, मग लीख, मोहरी, जव आणि शेवटी बोटाचे पेर. दहा वेळा सातपट. एका पेरात २८,२४,७५,२४९ परमाणुरज. इतक्या खोल जिन्यावर कोणतीही वजाबाकी अडणार नाही, असे वाटते. मोठे मोडत जायचे, खाली लहान मिळतच जाते.

न्याय-वैशेषिकांनी इथे बोट ठेवले. हे मोडणे कधीच संपत नसेल तर मोहरीतही अनंत अवयव आणि मेरू पर्वतातही अनंत अवयव. मग मोहरी आणि मेरू सारखेच ठरतील. तसे ते नाहीत, म्हणून कुठेतरी न मोडणारा परमाणू असलाच पाहिजे. युक्तिवाद देखणा आहे, आणि त्याच्या मुळाशी आपलीच वजाबाकी आहे: ज्याला शेवटचे एकक नाही त्यातून किती गेले आणि किती उरले हे सांगता येत नाही. वसुबंधूने ‘विंशतिके’त उलट विचारले. या परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले तर त्याला सहा बाजू झाल्या, म्हणजे भाग झाले. बाजू नसतील तर सगळे एकाच जागी मावतील आणि कितीही परमाणू जमवले तरी ढीग एकाच परमाणूएवढा राहील. हा वाद शेकडो वर्षे चालला, आणि दोन्ही बाजूंनी मोठ्या बुद्धीची माणसे होती.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या दहाव्या भागात तळ वेगळ्या ठिकाणी शोधला. स्टेडियमसारख्या लांब अंतरातून थोडेसे काढले किंवा त्यात घातले तर लक्षात येत नाही; लहान मापातून काढले तर लगेच कळते. म्हणून ज्यातून काही वजा केलेले आपल्या इंद्रियांना चुकत नाही, ते आपण माप म्हणून घेतो. तो पाऊल या मापाचे उदाहरण देतो. पाऊल खरोखर अविभाज्य नाही, पण आपण त्याला एक असे वागवतो. तिथेच तो एक विलक्षण गोष्ट सांगतो: ज्ञान हे वस्तूंचे माप आहे असे आपण म्हणतो खरे, पण दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर हाताचे माप लावून मोजावे आणि तेव्हा आपल्याला आपली उंची कळावी, तसे ते आहे. मोजणारा म्हणजे आपण, ही समजूत इथे उलटते.

या साऱ्या वादात सर्वांत समाधान देणारे उत्तर शुल्बसूत्रांत आहे, आणि तिथे ते तत्त्वज्ञान म्हणून आलेलेच नाही. चौरसाचा कर्ण काढण्याची बौधायनाची रीत अशी: बाजू घ्या, तिच्यात तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. आता बाजू एक प्रादेश, म्हणजे बारा अंगुळे घेऊन पाहा. बारा, अधिक चार, अधिक एक, सतरा अंगुळे. वजा एका अंगुळाचा चौतिसावा भाग. बौधायनाच्याच मापात एक अंगुळ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले ३४ तीळ. म्हणजे कर्ण सतरा अंगुळे वजा एक तीळ. अंगुळांतून तीळ जात नाही, म्हणून एक अंगुळ मोडायचे आणि उत्तर येते सोळा अंगुळे ३३ तीळ. जॉर्ज थिबो याने १८७५ मध्ये शुल्बसूत्रांवर लिहिताना हे नाते दाखवून दिले.

बाजू आणि कर्ण यांना एकच माप पूर्ण लागत नाही. एकातून दुसरे वजा करत गेले तरी बाकी उरतच राहते, हे ग्रीकांनी सिद्ध केले आणि युक्लिडच्या दहाव्या पुस्तकात त्याची कसोटी आहे. बौधायनाचे उत्तरही म्हणून पूर्ण नाही. पण त्यातली चूक एका अंगुळाच्या तीस हजाराव्या भागाहूनही लहान आहे. दोर ताणून जमिनीवर वेदी आखणाऱ्याला तिळाखाली जाण्याचे कारण नव्हते. मोडणे कुठे थांबवायचे हे त्याने वस्तूच्या स्वभावाला विचारले नाही, करायच्या कामाला विचारले. आणि थांबलो ते ठिकाण लपवून न ठेवता सूत्रात सांगितले.

याच ग्रंथांतली अग्निचिती देहाच्या मापावर उभी आहे. यजमान हात वर करून उभा राहिला की त्याची जी उंची होते तो एक पुरुष, १२० अंगुळे. पक्ष्याच्या आकाराच्या चितीचे धड चार चौरस पुरुष. प्रत्येक पंख एक पुरुष आणि वर एक अरत्नी, म्हणजे पाचवा भाग. शेपूट एक पुरुष आणि वर एक प्रादेश, म्हणजे दहावा भाग. बेरीज साडेसात. पुढच्या वेळी चिती एका पुरुषाने मोठी करायची, साडेआठ, आणि असे वाढवत साडेएकशेएकपर्यंत. पण पक्ष्याचा आकार बिघडता कामा नये. म्हणून बौधायन वाढीव पुरुषाचे पंधरा भाग करतो आणि दोन-दोन भाग प्रत्येक चौरस पुरुषात मिसळतो. हे झाल्यावर जुन्या मापाने चिती साडेआठ असते आणि नव्या मापाने पुन्हा साडेसातच. कोण वाढले, चिती की पुरुष? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त कोणत्या पुरुषाने मोजतो हे आधी सांगावे लागते.

ही विद्या पुस्तकातच राहिलेली नाही. १९७५ च्या एप्रिल महिन्यात केरळमधल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले. अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी त्याची नोंद केली आणि ‘अग्नि’ हा मोठा ग्रंथ १९८३ मध्ये प्रकाशित केला. पक्ष्याच्या आकाराची चिती तिथे पाच थरांत रचली गेली.

विटेपाशी या विद्येची खरी परीक्षा होते. पुरुषाच्या पाचव्या भागाची चौरस वीट २४ अंगुळांची, बरोबर एक हात. ओल्या मातीची वीट साच्यातून मापात निघते. पण उन्हात वाळते, भट्टीत भाजते आणि आक्रसते. मानव शुल्बसूत्र सांगते की तिसावा भाग जातो. चोवीस अंगुळांचा तिसावा भाग म्हणजे चार पंचमांश अंगुळ. पाच विटा ओळीने मांडल्या की १२० अंगुळांच्या पुरुषात चार अंगुळांची तूट येते, आणि थरातल्या प्रत्येक ओळीत ती येत राहते. ही वजाबाकी कोणी केलेली नसते, अग्नीने केलेली असते, आणि अग्नीसाठीच तर सारे चाललेले असते. बौधायनाने उपाय दिला आहे: वाळल्या-भाजल्याने जे कमी होईल ते पुरीषाने, म्हणजे भुसभुशीत मातीने भरून काढावे, कारण विटेला माप ठरलेले आहे, पुरीषाला नाही.